‘१७ वर्षांखालील मुली’ हा रकाना आला कुठून?

पावसाळा लागला की शाळेच्या ऑफिसात क्रीडा स्पर्धांच्या प्रवेशिकांची धांदल सुरू होते. खेळ, वयोगट, जन्मतारीख, जनरल रजिस्टरचा नंबर, खाली मुख्याध्यापकांची सही नि शिक्का. फुटबॉलच्या प्रवेशिकेत ‘१७ वर्षांखालील मुली’ असा एक गट असतो. गेली काही वर्षं तो मीच भरते आणि दर वेळी हात क्षणभर थांबतो. मी मिरजेत शिकत होते तेव्हा आम्हा मुलींसाठी खो-खो होता, कबड्डी होती, धावणं होतं. फुटबॉल म्हणजे शेजारचं कोल्हापूर, तिथल्या पेठा नि तालमी, आणि तोही पोरांचा. मी खो-खो खेळले, त्याचा मला अभिमान आहे. पण पायात चेंडू घेऊन पळावं असंही वाटायचं आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

या रकान्याचा माग काढायचा तर शंभर वर्षं मागं जावं लागतं. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ‘डिक, कर लेडीज’ या कारखान्यातल्या कामगार मुलींच्या संघाचा सामना झाला. तो बघायला ५३ हजार लोक आले. वर्ष भरायच्या आत, ५ डिसेंबर १९२१ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही आणि संलग्न क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. गर्दी जमत नव्हती म्हणून हा खेळ मागं पडला असं कुणी म्हणालं, तर त्याला या दोन तारखा दाखवाव्यात. ही बंदी उठायला १९७१ उजाडावं लागलं.

त्याच १९७१ मध्ये मेक्सिकोत महिलांची एक जागतिक स्पर्धा झाली. फिफाची, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेची, तिला मान्यता नव्हती. तरीही अंतिम सामन्याला अझ्टेका स्टेडियममध्ये लाखभर माणूस होतं. डेन्मार्कने यजमान मेक्सिकोला ३-० हरवलं आणि तिन्ही गोल सुझान ऑगस्टेसन या एकाच मुलीचे होते. ती पंधरा वर्षांची होती, म्हणजे आपल्याकडची दहावीतली पोरगी. लाखभर लोकांसमोर तिने हॅट्ट्रिक केली. पण तिच्या वयाच्या मुलींसाठी जगात एखादी स्पर्धा असावी, हे ठरायला त्यानंतर तीस वर्षं गेली.

मुलांचं तसं झालं नाही. वीस वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा १९७७ मध्ये ट्युनिशियात सुरू झाली, त्याहून लहान गटाची १९८५ मध्ये चीनमध्ये. बायकांचा वरिष्ठ गटाचा पहिला विश्वचषक १९९१चा, तोही चीनमध्ये, आणि त्यातले सामने नव्वदऐवजी ऐंशी मिनिटांचे. मुलींची पहिली वयोगट स्पर्धा २००२ची. १९७७ ते २००२, म्हणजे पंचवीस वर्षांचं अंतर. सतरा वर्षांखालील मुलींची स्पर्धा २००८ मध्ये आली, तिथेही मुलांपेक्षा तेवीस वर्षं उशीर. इतक्या काळात मुलींची एक अख्खी पिढी खेळायच्या वयातून बाहेर पडते.

२००२ची ती पहिली स्पर्धा एकोणीस वर्षांखालील मुलींची होती, कॅनडात, बारा संघांची. तिची आशियाई पात्रता स्पर्धा त्याच वर्षी गोव्यात झाली होती. मिरजेहून रात्रीच्या रेल्वेने सकाळी पोहोचता येतं एवढ्या अंतरावर! आमच्यापर्यंत तिची बातमीसुद्धा आली नाही. कॅनडात एडमंटनला झालेल्या अंतिम सामन्याला ४७,७८४ प्रेक्षक होते. जादा वेळेतल्या गोलवर अमेरिकेने कॅनडाला १-० हरवलं. हरलेल्या संघातल्या क्रिस्टिन सिंक्लेअरने त्या स्पर्धेत दहा गोल केले होते. पुढे तिचे आंतरराष्ट्रीय गोल १९० झाले. पुरुष असो वा बाई, एवढे कुणाचेच नाहीत. २००४ला थायलंडमधल्या पुढच्या स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू ठरली ब्राझीलची मार्टा. जगाला ही नावं पहिल्यांदा नीट दिसली ती या मुलींच्या स्पर्धांत. २००६ पासून हा गट वीस वर्षांखालचा झाला आणि संघ सोळा झाले. २००८ला न्यूझीलंडमध्ये सतरा वर्षांखालचा विश्वचषक सुरू झाला आणि पहिलाच उत्तर कोरियाने नेला. आज या गटाची चार आणि वीसखालची तीन विजेतेपदं त्यांच्याकडे आहेत.

जागतिक स्पर्धा दूर कुठे तरी होते, तिचा आमच्या तालुक्याशी काय संबंध, असं पालक विचारतात. संबंध असा, की विश्वचषक आला की खंडाची पात्रता फेरी येते. त्या फेरीला देशाला संघ पाठवावा लागतो. संघ निवडायचा तर राष्ट्रीय स्पर्धा हवी, तिच्यासाठी राज्याचा संघ हवा, आणि राज्याला मुली लागतात त्या शाळांतूनच. शाळांची सुब्रतो मुखर्जी चषक स्पर्धा १९६० पासूनची, पण तिच्यात सतरा वर्षांखालील मुलींचा गट आला २०१२ मध्ये. तो आला तेव्हा जिल्हा पातळीवर सामने भरवावे लागले आणि आमच्यासारख्या शाळांत ‘मुली आहेत का तुमच्याकडं?’ असा फोन पहिल्यांदा आला. आमच्याकडे खो-खोच्या होत्या. त्यांनाच बूट घातले. पहिला सामना पावसात झाला. काळ्या रानातलं ग्राउंड, स्टडच्या फटीत माती भरून एकेक बूट जड झालेला. हाफटाइमला पोरी ओळीनं बसून बाभळीच्या काडीनं माती उकरत होत्या. सहा गोलनं हरल्या आणि परतीच्या गाडीत पुढच्या वर्षीचं बोलत होत्या.

भारताच्या वाट्याला आलेला प्रसंग मला सगळ्यात जास्त लागतो. २०२०चा सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारताला मिळाला होता. नोव्हेंबर २०२०चं वेळापत्रक ठरलं, संघ तयार होत होता. कोविड आला. स्पर्धा आधी २०२१च्या फेब्रुवारी-मार्चवर ढकलली आणि मग रद्दच केली. भारताला त्याऐवजी २०२२ दिलं गेलं. कागदावर भरपाई झाली, पण २००३ आणि २००४ साली जन्मलेल्या मुली २०२२ला वयात बसत नव्हत्या. यजमान म्हणून थेट प्रवेश असलेली, आपल्या मातीवरची स्पर्धा त्यांच्या हातातून गेली. वयोगटाच्या खेळात हेच निष्ठूर आहे. त्यात ‘पुढच्या वर्षी बघू’ चालत नाही.

२०२२लाही सुखासुखी झालं नाही. ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं, स्पर्धा हातची जाते की काय अशी वेळ आली, आणि अकरा-बारा दिवसांत निलंबन उठलं. ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वरला आपल्या मुली अमेरिकेकडून ८-०, मोरोक्कोकडून ३-०, ब्राझीलकडून ५-० हरल्या. कप्तान होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अस्तम उरांव. निकाल वाचून लोक हसले, त्याचा मला राग आला. अमेरिका, ब्राझीलसारख्या देशांनी वीस वर्षं आधी सुरुवात केली होती.

अंतिम सामना ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर होता. दिवाळीची सुट्टी होती. पालकांच्या हातापाया पडून मी नऊ पोरी घेऊन गेले. स्पेन विरुद्ध कोलंबिया. कोलंबियाची लिंडा कैसेदो वॉर्मअपला धावत होती. माझ्या शेजारी बसलेली आमची गोलकीपर म्हणाली, “मॅडम, ही माझ्याएवढीच हाय की!” दिसायला होतीच तशी. त्याच एका वर्षात लिंडा वीसखालचा विश्वचषक आणि मोठ्यांची कोपा अमेरिका, म्हणजे दक्षिण अमेरिका खंडाची स्पर्धा, खेळून आली होती. ब्याऐंशीव्या मिनिटाला कोलंबियाच्या बचावपटूच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला आणि स्पेन १-० जिंकलं. आमच्या पोरी जिंकणाऱ्यांकडे बघतच नव्हत्या, त्या चुकलेल्या मुलीकडे बघत होत्या. नऊ जणींपैकी कुणीही एक शब्द बोललं नाही.

याच मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ला भारताने महिला क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा सांगली रात्रभर जागी होती, कारण स्मृती मानधना आपल्या सांगलीची. क्रिकेटमध्ये तर उशीर आणखी मोठा आहे. मुलांचा एकोणीस वर्षांखालील विश्वचषक १९८८चा, मुलींचा २०२३चा. स्मृती सोळाव्या वर्षी थेट मोठ्यांच्या संघात गेली. तिच्या वयाच्या मुलींसाठी विश्वचषक तेव्हा नव्हताच.

फुटबॉलमध्ये आता आपल्याकडे थोडं हलायला लागलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ढाक्यात एकोणीस वर्षांखालील मुलींच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारत-बांगलादेश अंतिम सामना १-१ राहिला. टायब्रेकरमध्ये गोलकीपरसकट अकराच्या अकरा जणींनी दोन्हीकडून गोल केले. अधिकाऱ्यांनी नाणं उडवून निकाल लावला, गोंधळ झाला आणि अखेर दोन्ही संघांना संयुक्त विजेतेपद मिळालं. ऑगस्ट २०२५ मध्ये म्यानमारला १-० हरवून आपला वीसखालचा संघ वीस वर्षांनी आशियाई स्पर्धेसाठी पात्र ठरला. ऑक्टोबरमध्ये उझबेकिस्तानला २-१ हरवून सतराखालच्या मुलीही पात्र ठरल्या.

आणखी एक बदल झाला आहे. त्याची चर्चा कमी झाली, पण आमच्यासारख्यांना तो फार मोलाचा आहे. सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आजवर दर दोन वर्षांनी व्हायचा. २०२५ पासून तो दर वर्षी आहे, चोवीस संघांचा, आणि २०२९ पर्यंत मोरोक्कोत. आपल्याला २०२२ला ३-० हरवणारा मोरोक्को तेव्हा पहिल्यांदाच या स्पर्धेत उतरला होता. दोन वर्षांच्या हिशेबात चुकीच्या साली जन्मलेल्या मुलीला वर्षाने मोठ्या मुलींशी टक्कर देत एकच संधी मिळायची. आता प्रत्येक सालाला आपली पाळी आहे.

ती अंतिम सामना बघायला आलेली गोलकीपर पुढे नववीत थांबली. घरी म्हणाले, मोठी झाली आता. मी तीनदा घरी जाऊन आले, उपयोग झाला नाही. सध्याच्या संघात डावीकडून खेळणारी एक पोरगी आहे, गुडघे कायम फुटलेले, चेंडू सोडायचं नाव नाही. प्रवेशिका भरताना तिची जन्मतारीख पाहिली. २०१० सालची आहे. नव्या हिशेबात तिचं वर्ष २०२७. तिच्या आईला भेटायला मी रविवारी जाणार आहे.