मोठ्या शिकारी माशांची टाकी : आकारमान व पाणीबदल (नाशिक)

शोभेच्या मत्स्यालयात ३० सेंमी. किंवा त्याहून मोठ्या होणाऱ्या मांसाहारी माशांना छंदी मंडळी ‘मॉन्स्टर फिश’ म्हणतात. ऑस्कर, अरोवाना, पीकॉक बास, रेडटेल कॅटफिश, अ‍ॅलिगेटर गार, संकरित फ्लॉवरहॉर्न आणि आपल्याकडची मरळ हे त्यांतले नेहमीचे मासे. दुकानात ते विकले जातात बोटभर असताना. ऑस्कर वर्षभरात २५ सेंमी.च्या आसपास जातो व ३०–३५ सेंमी.वर थांबतो, सिल्व्हर अरोवाना ९० सेंमी.पर्यंत, रेडटेल कॅटफिश मीटरभर व त्याहून मोठा होतो. अ‍ॅलिगेटर गार निसर्गात दोन मीटर ओलांडतो. ‘टाकी जेवढी, मासा तेवढाच वाढतो’ हे दुकानदारांचे आवडते वाक्य साफ चुकीचे आहे. लहान टाकीत मासा खुरटतो, कण्याला बाक येतो आणि आयुष्य घटते.

टाकीचे माप : नाशिकमध्ये टाकी फुटांत सांगून बनवून घेतात. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. ४×१.५×१.५ फुटांची टाकी २५५ लिटरची. एका ऑस्करसाठी ही किमान. ६×२×२ फुटांत ६८० लिटर मावतात, पण काठापर्यंत कोणी भरत नाही, म्हणून ६०० धरावेत. वाढीच्या वयातल्या अरोवानाला ती चालते. पूर्ण वाढलेल्याला ८×३×२.५ फूट, म्हणजे १,७०० लिटर, हेच खरे माप. लिटरपेक्षा टाकीची रुंदी अधिक महत्त्वाची असते, कारण ९० सेंमी.च्या माशाला दोन फुटांत वळताना अंग मुडपावे लागते. अरोवाना उडी मारतो, त्यामुळे वर वजनदार झाकण हवेच. रेडटेलला काचेची टाकी पुरतच नाही, त्याला हौद लागतो.

‘इंचाला एक गॅलन’, म्हणजे माशाच्या दर इंच लांबीमागे एक गॅलन पाणी, हा जुना ठोकताळा येथे निकामी ठरतो. लांबी दहापट झाली की वजन सुमारे हजारपट होते, आणि खाणे व विष्ठा वजनाच्या मागे जातात. ३० सेंमी.चा एक ऑस्कर म्हणजे ३ सेंमी.चे दहा मासे नव्हेत.

फ्लॅटमध्ये आणखी एक प्रश्न येतो. दोन फूट खोल पाण्याचा भार दर चौ. मीटरला सुमारे ६०० किग्रॅ. पडतो, काच व लोखंडी स्टँड वेगळे. राहत्या घराच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात धरलेला वापरभार (माणसे व सामानाचा) चौ. मीटरला साधारण २०० किग्रॅ. आहे. हा भार पूर्ण खोलीभर पसरलेला धरतात, म्हणून टाकी ठेवली की स्लॅब कोसळतो असे नाही. तरी मोठी टाकी तुळईच्या रेषेत, भिंतीलगत असावी आणि सहा फुटांच्या पुढे गेल्यास इमारतीच्या अभियंत्याला विचारावे. तळमजल्याचे घर या छंदाला सर्वांत सोयीचे.

पाणीबदल : मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंग, बायोबॉल व स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. नव्या टाकीत ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. घाई करणारे लोक आपले बहुतेक मासे याच काळात गमावतात. शेवटी उरणारे नायट्रेट मात्र फिल्टर काढत नाही, मग तो कितीही महाग संप (टाकीखालच्या वेगळ्या टाकीतला) किंवा कॅनिस्टर (बंद डब्याचा) असो. ते पाण्याबरोबरच बाहेर जाते.

याचे गणित सोपे आहे, तरी फारसे कोणी मांडत नाही. आठवड्याला नायट्रेट लिटरमागे २० मिग्रॅ. वाढत असेल आणि दर आठवड्याला पाव टाकी बदलली, तर काही महिन्यांनी पातळी बदलाआधी ८० वर स्थिरावते. निम्मी बदलली तर ४० वर, दहावा हिस्सा बदलला तर २०० वर. साप्ताहिक वाढ भागिले बदललेला हिस्सा, एवढाच हिशेब. मोठी टाकी घेतल्याने वाढ मंदावते, संपत नाही. तेव्हा टाकी केवढी आणि पाणी किती हे दोन निराळे प्रश्न नाहीत. मासा निवडताना आधी घरातून दर आठवड्याला किती लिटर ओतून देता येतील ते ठरवावे.

नाशिकला हा आकडा पाहण्यासारखा आहे. ६०० लिटरची निम्मी टाकी म्हणजे ३०० लिटर. शहरी पुरवठ्याच्या माणशी दिवसाला १३५ लिटर या मापाने दोन माणसांच्या दिवसभराच्या वाट्यापेक्षा जास्त. गंगापूर धरणातून येणारे नळाचे पाणी क्लोरीनयुक्त असते. ते पिंपात भरून, एअर पंप लावून दिवसभर ठेवावे किंवा ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेट घालावे. पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी आले की क्लोरीनकडे जास्त लक्ष द्यावे. बोअरच्या पाण्याला क्लोरीनची भीती नाही, पण बेसाल्ट खडकातले हे पाणी बऱ्याचदा जड असते. द्राक्ष-कांद्याच्या शेतीभागात त्यात खतांचे नायट्रेटही असू शकते. पिण्याच्या पाण्यातली भारतीय मर्यादा ४५ मिग्रॅ. आहे, बोअरचेच पाणी तेवढ्यावर असेल तर कितीही बदलून पातळी त्याखाली उतरणार नाही. बोअर असलेल्या बंगल्यात पहिली चाचणी टाकीतल्या नव्हे, बोअरच्या पाण्याची करावी.

डिसेंबर-जानेवारीत अडचण थंडीची. गच्चीवरच्या टाकीतले पाणी सकाळी १७ अंशांवर असेल आणि मत्स्यालय २७ वर, तर निम्मे पाणी बदलताच तापमान एकदम २२ वर येते. उष्णकटिबंधीय मासा खाणे सोडतो, अंगावर पांढरे ठिपके येतात. ३०० लिटर पाणी दहा अंशांनी तापवायला सुमारे साडेतीन युनिट वीज लागते. त्यापेक्षा दुपारी, आठवड्यातून दोनदा पाव-पाव टाकी बदलावी. दोनदा पाव म्हणजे एकदा निम्मी नव्हे, ४४ टक्केच होते, पण हिवाळ्यात तेवढे पुरते.

‘पाणी बदललं की मासे मरतात’ ही तक्रार ज्या टाकीत महिनोन्‌महिने पाणी बदललेले नाही तिथूनच येते. जिवाणूंच्या कामात पाण्याची क्षारता खर्च होते, सामू (pH) उतरतो आणि साठलेला अमोनिया तुलनेने निरुपद्रवी अमोनियम रूपात राहतो. मग एके दिवशी मालक टाकी रिकामी करून जड, चढ्या सामूचे पाणी भरतो. त्या अमोनियमचा विषारी अमोनिया होतो. दोष पाण्याला लागतो. अशी टाकी रोज दहा टक्के पाणी बदलत सावकाश ठिकाणावर आणावी. त्याच दिवशी फिल्टर नळाखाली घासून धुणे हा दुसरा घात, कारण त्यातले जिवाणू जातात. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

काढलेले पाणी कुंड्यांना व सोसायटीच्या बागेला उत्तम खत आहे, मीठ किंवा औषध घातलेले नसेल तरच.

खाणे : पाण्याची घाण मुळात वाढवते ते खाद्य. मोठ्या ऑस्कर किंवा अरोवानाला रोज पोटभर देण्याची गरज नाही; एक दिवसाआड पुरते. जिवंत गोल्डफिश खाऊ घालण्याची हौस रोग आणते, शिवाय त्यांतील थायामिनेज या विकरामुळे ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता होते.

कायदा व नदी : आशियाई अरोवाना साइटिस या, धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या २०२२ च्या दुरुस्तीने अशा प्रजाती चौथ्या अनुसूचीत आल्या, त्यामुळे त्या बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते. भाग्यासाठी दिवाणखान्यात अरोवाना ठेवणारे हे सहसा विचारत नाहीत. टाकीत मावेनासा झालेला मासा गोदावरीत सोडणे हा सर्वांत वाईट मार्ग. श्रीनगरच्या दल सरोवरात २०२३ मध्ये अ‍ॅलिगेटर गार सापडला होता. नाशिकखाली गोदावरी-कादवा संगमावर नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, आणि रामकुंडात सोडलेला मासा पाण्याबरोबर तिकडेच जाऊ शकतो. तो दुकानदाराला परत द्यावा किंवा हौद असलेल्या छंदी माणसाकडे सोपवावा. म्हणून विकत घेतानाच ‘मोठा झाल्यावर परत घ्याल का?’ असे विचारून ठेवणे बरे.