मतं वाढली, जागा गेल्या: महाराष्ट्रातल्या लोकसभा आघाड्यांची पार्श्वभूमी

१९९६च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी ३३ शिवसेना-भाजप युतीने घेतल्या, काँग्रेसला १५ मिळाल्या. दोनच वर्षांनी, १९९८ला, तोच ३३चा आकडा काँग्रेसच्या नावापुढे लागला आणि युती १०वर आली. युतीची मतं ढासळली असतील असंच कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात १९९६ला दोन्ही पक्षांची मिळून ३८ टक्क्यांच्या वर असलेली मतं १९९८ला ४२ टक्क्यांच्या आसपास गेली होती. म्हणजे मतं वाढली आणि २३ जागा गेल्या.

कारण समोरची मतं एका जागी आली. शरद पवारांनी रिपब्लिकन पक्षाला आणि समाजवादी पक्षाला बरोबर घेतलं. रिपब्लिकन गटांचं ऐक्य तेव्हा शाबूत होतं, आणि त्यामागे ताजी जखम होती. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर उतरले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण गेले. राज्यात सरकार युतीचं होतं. पवारांनी रिपब्लिकनांना चार जागा सोडल्या आणि चारही आल्या: अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले. यातली एकही जागा राखीव नव्हती. खुल्या मतदारसंघांत काँग्रेसचा मतदार रिपब्लिकन उमेदवाराला मत देतो का, ही शंका जुनी. त्या वर्षी त्याने दिलं. चार जागांवर एकदम असं पुन्हा घडलेलं नाही.

लगेच पुढच्या वर्षी गणित उलटं फिरलं. सोनिया गांधींच्या विदेशी जन्माचा मुद्दा काढून पवार, संगमा आणि तारिक अन्वर काँग्रेसबाहेर पडले आणि जून १९९९मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस निघाली. सप्टेंबर-ऑक्टोबरात लोकसभा आणि विधानसभा एकदमच झाल्या. काँग्रेसला जवळपास ३०, राष्ट्रवादीला साडेएकवीस टक्के मतं, म्हणजे बेरीज अर्ध्याहून जास्त. जागा मात्र १० आणि ६. युती ३८ टक्क्यांवर पुन्हा २८ घेऊन गेली. निकालानंतर त्याच दोन काँग्रेस एकत्र आल्या आणि विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. आधी भांडून लोकसभा घालवायची आणि मग मिळून विधानसभा सांभाळायची, हा हिशेब गावच्या सोसायटीच्या निवडणुकीतही कुणी केला नसता.

म्हणून महाराष्ट्रात लोकसभेचा निकाल लागला की ‘लाट’ शोधणाऱ्यांपेक्षा कोण कुणाशी फुटला हे आधी बघणाऱ्याला जास्त कळतं, असं माझं मत आहे. याची मुळं राज्य जन्मायच्या आधीची आहेत. १९५७ला द्वैभाषिक मुंबई राज्यात संयुक्त महाराष्ट्र समितीने कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन अशी एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी मंडळी एका मांडवाखाली आणली. मुंबईतून डाँगे, साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील, नाशिकमधून दादासाहेब गायकवाड, राजापुरातून नाथ पै लोकसभेत गेले. १ मे १९६०ला राज्य मिळालं, समितीचं काम संपलं, आणि १९६२ला काँग्रेसने ४४पैकी ४१ घेतल्या. १९७७ला तोच प्रयोग आणीबाणीविरुद्ध झाला. जनता पक्ष १९, शेकाप ५, मार्क्सवादी ३, रिपब्लिकन १. काँग्रेस २०वर अडली.

युतीचं मूळही लोकसभेतच आहे. १९८४ला सेनेकडे स्वतःचं राखीव चिन्ह नव्हतं. मनोहर जोशी आणि वामनराव महाडिक मुंबईत चक्क कमळावर लढले आणि पडले. पुढे १९८९ला बाळासाहेब ठाकरे आणि प्रमोद महाजन यांनी रीतसर युती केली. लोकसभेला भाजप जास्त जागा लढणार, विधानसभेला सेना, अशी वाटणी ठरली. २००४ आणि २००९ला लोकसभेचं सूत्र २६-२२ असं होतं. ‘मोठा भाऊ कोण’ हा वाद त्या वाटणीतच पेरलेला होता. २०१४ला मित्रपक्षाची एक धरून लोकसभेच्या ४२ जागा मिळून जिंकल्यावर चारच महिन्यांत, सप्टेंबरात, युती तुटली ती विधानसभेच्या जागांवरून.

मधल्या काळात फूट पाडणारे पक्ष बदलत गेले. २००९ला मनसेने मुंबईत प्रत्येक मतदारसंघात लाखाच्या वर मतं घेतली आणि सहाही जागा काँग्रेस आघाडीला गेल्या. दक्षिण मुंबईत तर मनसे दुसरी आणि सेना तिसरी. २०१९ला वंचित बहुजन आघाडीची पाळी होती. नांदेडला अशोक चव्हाण सुमारे ४० हजारांनी पडले, तिथे वंचितच्या उमेदवाराला दीड लाखांहून जास्त मतं होती. औरंगाबादेत मात्र वंचितबरोबर असलेल्या एमआयएमचे इम्तियाज जलील साडेचार हजारांनी निवडून आले, कारण अपक्ष हर्षवर्धन जाधवांनी सेनेच्या चंद्रकांत खैरेंच्या बाजूची बरीच मतं ओढली होती.

२०२४पर्यंत शिवसेना आणि राष्ट्रवादी दोन्ही दुभंगल्या होत्या. महाविकास आघाडीत ठाकरे गट २१, काँग्रेस १७, शरद पवार गट १० असं वाटप झालं. मतांची टक्केवारी दोन्ही बाजूंना ४३-४४च्या घरात, जवळपास बरोबरीची. जागा मात्र आघाडीला ३० आणि भाजप, शिंदे गट व अजित पवार गटाच्या महायुतीला १७. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये शिंदे गटाचे रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी निवडून आले.

उरलेली एक जागा सांगलीची. ती ठाकरे गटाला सुटली आणि चंद्रहार पाटलांना उमेदवारी मिळाली. सांगलीवर वसंतदादांच्या घराण्याचा आणि काँग्रेसचा हक्क असल्याचं तिथले कार्यकर्ते सांगत राहिले, कुणी ऐकलं नाही, तेव्हा वसंतदादांचे नातू विशाल पाटील लिफाफा चिन्हावर अपक्ष उभे राहिले. ते लाखभर मतांनी निवडून आले. आघाडीच्या अधिकृत उमेदवाराचं डिपॉझिट गेलं.

साताऱ्यात तर फूट माणसांचीही नव्हती. पवार गटाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे नवं चिन्ह मिळालं होतं. त्याच यंत्रावर एका अपक्षाचं चिन्ह होतं नुसतं ‘तुतारी’, लोक जिला पिपाणी म्हणाले. पवार गटाचे शशिकांत शिंदे भाजपच्या उदयनराजेंकडून ३२,७७१ मतांनी हरले. पिपाणीला ३७,०६२ मतं पडली होती.