प्रवृत्तीचा पुरावा आणि मोबाईलमधले संदेश : ऑस्ट्रेलियातील पार्श्वभूमी

'हा माणूसच तसा आहे, मग हेही त्यानेच केले असणार' हा प्रवृत्तीच्या पुराव्यामागचा तर्क ज्युरीला चटकन पटतो. म्हणूनच ऑस्ट्रेलियातील न्यायालये त्याला दीर्घकाळ दारातच अडवत आली.

१८९२ मध्ये सिडनीत मेकिन दांपत्य राहून गेलेल्या घरांच्या परसात तान्ह्या बाळांचे मृतदेह सापडले. खटला एका बाळाच्या खुनाचा होता. मग बाकीच्या मृतदेहांचे काय? लंडनमधील प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने सांगितले, की आरोपी गुन्हेगारी वृत्तीचा आहे एवढेच दाखवायला असा पुरावा चालणार नाही. मृत्यू अपघाती होता का, अशा मुद्द्याला तो भिडत असेल तर चालेल. पुढे १९९५ च्या फेनिग निकालात उच्च न्यायालयाने (ऑस्ट्रेलियात हेच सर्वोच्च न्यायालय) कसोटी आणखी कडक केली : आरोपीच्या निर्दोषत्वाशी सुसंगत असा कोणताही वाजवी अर्थ त्या पुराव्यातून निघता कामा नये.

त्याच वर्षी आलेल्या पुरावा कायद्याने वेगळी चौकट घातली. कलम ९७ नुसार पुराव्याला लक्षणीय वजन हवे आणि आरोपीला आधी नोटीस हवी. कलम १०१ नुसार ते वजन पूर्वग्रहाच्या धोक्यापेक्षा बरेच जास्त हवे होते. आधीच्या आणि आरोपातल्या कृत्यांमध्ये साम्य किती लागते यावर व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांची अपील न्यायालये भांडत राहिली. उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या ह्यूज निकालात ठळक साम्य अनिवार्य नसल्याचे ठरले, तेही ४ विरुद्ध ३ मतांनी. इतक्या निसटत्या बहुमतावर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून राहावे, हे मला अस्वस्थ करते. पण दुसरी बाजूही खरी आहे : बालकांवरील लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने त्याच वर्षी दाखवून दिले, की असा पुरावा वगळल्यामुळे अन्याय्य निर्दोष सुटका होत होत्या. न्यू साउथ वेल्सने २०२० मध्ये कायदा बदलला, आणि कलम १०१ मधला 'बरेच' हा शब्द गेला.

मोबाईल संदेशांची अडचण निराळी. आरोपीने स्वतः पाठवलेला संदेश कबुली म्हणून येऊ शकतो, मात्र फोन त्याचा असला म्हणून बोटेही त्याचीच होती असे ठरत नाही. दुसऱ्याने पाठवलेल्या संदेशावर ऐकीव पुराव्याचा, म्हणजे न्यायालयाबाहेर कोणी सांगितलेले खरे मानल्याचा, आक्षेप येतो. संदेश कोणी, कधी, कुठे पाठवला एवढ्यापुरती कलम ७१ सूट देते; मूळ कलमात ईमेल, फॅक्स, तार, टेलेक्स अशा साधनांचाच उल्लेख होता. 'माल आहे का?' अशी अमली पदार्थांची विचारणा मात्र सहसा ऐकीव ठरत नाही, कारण पाठवणारा त्यातून काही ठासून सांगत नसतो. पण अशाच संदेशांवरून आरोपी सराईत विक्रेता आहे आणि त्या दिवशीही त्याने विक्रीच केली, असे सरकार पक्षाला म्हणायचे असेल, तर पुन्हा कलम ९७ आणि त्याची नोटीस आलीच.