गुमगांगजॉन्दो

गुमगांगजॉन्दो : कोरियातील गुमगांग (वज्र) पर्वताचे जॉंग सॉन (१६७६–१७५९) या चित्रकाराने रंगवलेले विख्यात निसर्गचित्र. कागदावर शाई व फिकट रंग, उंची सु. १३१ सेंमी., रुंदी सु. ९४ सेंमी. चित्रावरील लेखात १७३४ च्या हिवाळ्याचा उल्लेख आहे. त्या सुमारास जॉंग सॉन चॉंग्हा येथे दंडाधिकारी होता. सध्या हे चित्र सोल येथील लीउम कलासंग्रहालयात आहे. १९८४ मध्ये दक्षिण कोरियाने त्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला.

बारा हजार शिखरांचा म्हणून ख्यात असलेला हा सारा पर्वत चित्रकाराने जवळजवळ वर्तुळाकार आकृतीत बसवला आहे. उजवीकडे आणि मध्यभागी उघडे, भाल्यांसारखे सुळके. ते सरसर ओढलेल्या उभ्या रेषांनी उभे राहतात आणि त्यांचा पांढरेपणा बराचसा कोऱ्या कागदाचाच आहे. डावीकडचे डोंगर मातीचे, झाडीने भरलेले. तिथे रेषा जाऊन ओल्या शाईचे आडवे ठिपके येतात. खाली डाव्या कोपऱ्यात जांगान्सा हा बौद्ध मठ व त्याजवळचा कमानीचा पूल दिसतो. मधून मानफोकदोंगची घळ जाते आणि माथ्यावर वैरोचन बुद्धाच्या नावाचे बिरोबोंग (सु. १,६४० मी.) हे सर्वोच्च शिखर आहे. माती आणि खडक यांच्या वळणदार सीमेत काही अभ्यासकांना यिन-यांगची आकृती दिसते.

चिनी चित्रांतील ठरावीक डोंगर गिरवण्याऐवजी आपल्याच देशातील स्थळे रंगवणाऱ्या ‘खऱ्या दृश्यां’च्या परंपरेचा जॉंग सॉन हा अध्वर्यू. १७११ मध्ये तो गुमगांगला गेला होता आणि त्या प्रवासाची त्याची चित्रपोथी आजही उपलब्ध आहे. गंमत अशी, की गुमगांगजॉन्दोमधील दृश्य डोंगरातल्या कोणत्याही एका जागेवरून दिसत नाही. पायी फिरून पाहिलेल्या दऱ्या, मठ आणि शिखरे चित्रकाराने आकाशातून पाहावीत तशी एकत्र आणली आहेत. चित्रावरची कविता तर म्हणते, की पायांनी सारा डोंगर पालथा घालण्यापेक्षा तो उशाशी ठेवून मनसोक्त पाहावा. घरबसल्या चित्रातून पर्वतयात्रा करण्याची तत्कालीन विद्वानांची हौस तिच्यात उमटली आहे.

गुमगांग आता उत्तर कोरियात आहे. जांगान्सा मठ कोरियन युद्धात नष्ट झाला. दक्षिणेतील पर्यटकांसाठी १९९८ मध्ये सुरू झालेल्या सहली २००८ मध्ये बंद पडल्या. २०२५ मध्ये या पर्वताचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

जॉंग सॉनच्या उतारवयातील इन्वांगजेसेक्दो (१७५१) या चित्राची रीत नेमकी उलटी आहे. पाऊस ओसरल्यावरचा सोलचा इन्वांग डोंगर त्यात समोरून, जवळून दिसतो आणि मुळात फिकट असलेला ग्रॅनाइटचा कडा शाईचे थरावर थर देऊन काळाभोर रंगवला आहे.