डेस्कटॉप ऑपरेटिंग सिस्टीमची तुलना (ग्रामीण विदर्भातील वापर)

संगणकाचा पडदा, कीबोर्ड, प्रिंटर, डिस्क आणि त्यावर चालणारे प्रोग्राम यांना एकत्र चालवणारी मूळ प्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. डेस्कटॉप आणि लॅपटॉपवर आज चार प्रणाली भेटतात : विंडोज, लिनक्स (मुख्यतः मिंट आणि उबुंटू), मॅकओएस आणि क्रोमओएस. विदर्भाच्या खेड्यांत संगणक असतो तो आपले सरकार सेवा केंद्रात, ग्रामपंचायतीत, शाळेत, कृषी केंद्रात, अडतीच्या दुकानात आणि शिकणाऱ्या मुलांच्या घरी. या ठिकाणी पडदा किती देखणा दिसतो याला फारसे महत्त्व नाही. संगणकाला काय जोडायचे आहे, तो किती जुना आहे, लाइट किती वेळ राहते आणि नेट कुठून येते, हे याच क्रमाने पाहावे. निवड बहुतेक वेळा पहिल्या दोन प्रश्नांतच होऊन जाते.

जोडलेली उपकरणे

सेवा केंद्राचे काम आधारशी जोडलेल्या अंगठा-यंत्रावर चालते. असे यंत्र संगणकाला नुसते जोडून भागत नाही. त्याची आरडी सर्व्हिस, म्हणजे नोंदणीकृत उपकरण म्हणून त्याला ओळख देणारा प्रोग्राम, संगणकात चालू असावी लागते. हे प्रोग्राम मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी बनतात. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचेही बरेचसे असेच आहे. काही टोकनना लिनक्सचे ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारे छोटे प्रोग्राम, मिळतात, पण संकेतस्थळाला सही पुरवणारा मधला प्रोग्राम बहुधा विंडोजचाच असतो. टॅली प्राइम हा हिशेबाचा प्रोग्राम विंडोजवरच चालतो. म्हणून अंगठा, सही किंवा टॅली यांपैकी एक जरी रोजच्या कामात असेल, तर त्या टेबलावर विंडोजच ठेवावी. इतर काही बसवून जुगाड करत राहिल्यास गिऱ्हाईक रांगेत उभे राहते.

प्रिंटरची बाजू थोडी वेगळी आहे. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्समध्ये एचपीएलआयपी या संचामुळे चालतात. मात्र लेझरजेट १०२० सारख्या जुन्या प्रिंटरला जोडल्यावर फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत चालणारा प्रोग्राम, पाठवावे लागते. त्यासाठीचे प्लगइन एकदा नेटवरून उतरवले नाही, तर प्रिंटर यादीत दिसतो पण कागद ओढत नाही. कॅननचा एलबीपी २९०० हा झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणारा प्रिंटर कॅप्ट नावाच्या स्वतःच्या पद्धतीने बोलतो, आणि लिनक्सवर तो चालवणे त्रासाचे आहे. तो प्रिंटर घरात आधीपासून असेल तर लिनक्स बसवण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

विंडोज

विंडोज १० ला कंपनीकडून सर्वसाधारणपणे दुरुस्त्या मिळणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. घरगुती वापरकर्त्यांना नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळण्याची सोय ठेवली गेली. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तिला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधीचे बहुतेक संगणक यात बसत नाहीत. अटी चुकवून बसवण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात. पण तशा संगणकाला पुढची अद्यतने मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, आणि ज्या संगणकावर लोकांचे आधार व बँक तपशील उघडतात तिथे तो मार्ग धरू नये.

४ जीबी ही कागदावरची किमान अट आहे. ब्राउझरमध्ये चार टॅब आणि एक एक्सेल फाइल उघडली की ती रॅम भरते, मग सिस्टीम डिस्कवर लिहू-वाचू लागते आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर संगणक अडकल्यासारखा होतो. लोक याला व्हायरस समजतात आणि विंडोज पुन्हा टाकून घेतात. त्याऐवजी २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घ्यावी आणि जमल्यास रॅम ८ जीबी करावी. कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमच्या अदलाबदलीपेक्षा एवढ्या एका बदलाने जास्त फरक पडतो.

लॅपटॉपसोबत अनेकदा होम सिंगल लँग्वेज ही आवृत्ती येते. तिच्यात पडद्यावरची भाषा सहजी बदलता येत नाही, पण मराठी कीबोर्ड जोडता येतो. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. पुढे बायोस (संगणक सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) बदलला किंवा मदरबोर्ड दुरुस्त झाला तर सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती त्या खात्यात साठवलेली असते. दुकानदाराने आपल्याच ईमेलवर लॅपटॉप चालू करून दिला असेल तर की त्याच्याकडे राहते आणि मालकाचा डेटा अडकतो. खाते स्वतःचे उघडावे आणि की कागदावर उतरवून सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवावी.

लिनक्स

विंडोज ११ च्या अटीत न बसणाऱ्या, पण धडधाकट संगणकासाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती ही सर्वांत चांगली निवड आहे. तिला किमान २ जीबी रॅम चालते, ४ जीबीवर ती सुखाने चालते. मिंट २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. खालचा पट्टा, डाव्या कोपऱ्यातला मेनू आणि खिडक्यांची बटणे विंडोज ७ वापरलेल्या माणसाला ओळखीची वाटतात. उबुंटूची मांडणी वेगळी आहे आणि ती रॅमही जास्त खाते. सी-डॅकची बॉस ही भारतीय भाषांसाठी बनलेली प्रणाली २००७ पासून आहे, पण अडले तर विचारायला जितकी माणसे मिंट-उबुंटूसाठी सापडतात तितकी तिच्यासाठी सापडत नाहीत.

बसवण्याआधी चाचणी घ्यावी, हा लिनक्सचा मोठा फायदा आहे. मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे बसवण्याची पूर्ण प्रत, साधारण ३ जीबीची असते. ती तालुक्याच्या ठिकाणी चांगल्या नेटवर उतरवून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस किंवा एचर या प्रोग्रामने लिहावी. नुसती कॉपी करून टाकल्यास त्यावरून संगणक सुरू होत नाही. संगणक चालू करताना बहुधा एफ१२ (एचपीवर एफ९) दाबून पेनड्राइव्ह निवडला की डिस्कला हात न लावता मिंट उघडते. त्यातच वायफाय, आवाज, कॅमेरा आणि छपाई तपासून पाहावी. सगळे चालले तरच पुढे जावे. डिस्क पुसण्याचा पर्याय निवडण्याआधी फोटो, कागदपत्रे आणि टॅलीचा डेटा दुसऱ्या डिस्कवर घेतलेला असावा.

विंडोज आणि लिनक्स एकाच संगणकात शेजारी-शेजारी ठेवल्यास दोन अडचणी हमखास येतात. विंडोजची फास्ट स्टार्टअप सोय चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे लिनक्समधून त्या डिस्कवर लिहिता येत नाही. पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन ही सोय बंद करावी. दुसरी म्हणजे घड्याळ साडेपाच तासांनी सरकते. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते आणि लिनक्स सहसा जागतिक वेळ ठेवते, म्हणून हे होते. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितले की प्रश्न मिटतो.

लिनक्समधले लिब्रे ऑफिस अर्ज, ठराव आणि हजेरीपत्रकाला पुरते. वर्डची फाइल उघडल्यावर तक्ते सरकलेले दिसतात, कारण मूळ फॉन्ट त्या संगणकात नसतो आणि त्याच्या जागी वेगळ्या रुंदीचा फॉन्ट येतो. पुढे पाठवायची प्रत पीडीएफमध्ये काढावी. पंचायत समितीकडून मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या सूचना) असलेली एक्सेल फाइल भरायला येत असेल, तर ती लिब्रे ऑफिसमध्ये नीट चालेल यावर विसंबू नये.

मॅक आणि क्रोमबुक

मॅकओएस ॲपलच्याच यंत्रावर चालते. बॅटरी, पडदा आणि स्थिरपणा उत्तम, देवनागरी टायपिंगही व्यवस्थित. पण अंगठा-यंत्र आणि टॅलीचा प्रश्न तिथेही सुटत नाही, आणि दुरुस्तीसाठी मोठ्या शहरात जावे लागते. छायाचित्रण किंवा व्हिडिओ संपादनाचा धंदा असेल तरच तो खर्च पटतो.

क्रोमबुक स्वस्त आणि सांभाळायला सोपे असते, पण त्याचे बहुतेक काम नेटवर उभे आहे. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावांत जिथे रेंज येते-जाते, तिथे तो अर्धाच उपयोगी पडतो. जुन्या संगणकावर टाकता येणारी क्रोमओएस फ्लेक्स अँड्रॉइड ॲप चालवत नाही, हे आधी माहीत असावे.

मराठी टायपिंग

विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांची प्रमाण मांडणी असलेला, कीबोर्ड पूर्वीपासून आहे. मे २०१९ च्या अद्यतनापासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिकही (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांनी टाइप करण्याचा) आला. सेटिंग्जच्या भाषा विभागात मराठी जोडून तो निवडावा. विंडोज की आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. मिंटमध्ये हेच काम आयबस करते. त्यात एम१७एन संच टाकला की इन्स्क्रिप्ट, फोनेटिक आणि देवनागरीची रेमिंग्टन (जुन्या टाइपरायटरची) मांडणीही मिळते. टायपिंगच्या परीक्षेमुळे रेमिंग्टनचा हात बसलेल्यांना विंडोजमध्ये त्यासाठी वेगळा प्रोग्राम टाकावा लागतो.

‘शेतकऱ्यांना’ हा इथला रोजचा शब्द अनेक अर्जांत चुकीचा छापला जातो. साधा र, हलन्त आणि य असे टाइप केले की य वर रफार चढतो. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे दाबून ऱ घ्यावा, मग डी दाबून हलन्त द्यावा आणि तिरप्या रेघेच्या कीने य घ्यावा. ऱ्य बरोबर उमटतो. दोन्ही प्रणालींत हीच रीत आहे.

कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेल्या फाइली युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारख्या वाचल्या जाणाऱ्या पद्धतीच्या, नसतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दाखवतात, शोधता येत नाहीत आणि ऑनलाइन अर्जात चिकटवता येत नाहीत. नवे लेखन युनिकोडमध्येच करावे. ग्रामपंचायतीच्या ठरावांच्या फाइली जमेल तशा रूपांतरित करून, रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि आकडे एकदा वाचून तपासावेत.

नेट, लाइट आणि ऊन

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालत असेल तर विंडोजमध्ये त्या जोडणीला मीटर्ड (मोजक्या डेटाचे) कनेक्शन म्हणून खूण करावी. नाहीतर अद्यतने गुपचूप उतरतात आणि दुपारपर्यंत दिवसाचा डेटा संपतो. मिंटमध्ये अपडेट मॅनेजर यादी दाखवतो. कधी उतरवायचे ते वापरणारा ठरवतो. मात्र दोन्हीकडे अद्यतने कायमची रोखू नयेत. आठवड्यातून एकदा चांगले नेट मिळेल तिथे ती करावीत.

अद्यतन चालू असताना लाइट गेली तर विंडोज बहुधा जुन्या स्थितीवर परतते, पण कधी सुरूच होत नाही. मिंटमध्ये अर्धवट राहिलेली पॅकेजे रिकव्हरी मेनूतल्या डीपीकेजी पर्यायाने पूर्ण करता येतात, आणि टाइमशिफ्ट हा सिस्टीमची प्रत जपणारा प्रोग्राम आधीच लावलेला असेल तर कालची सिस्टीम परत आणता येते. वर्ड आणि लिब्रे ऑफिस दोन्ही मूळ सेटिंगमध्ये दर दहा मिनिटांनी तात्पुरती प्रत ठेवतात. ती मुदत दोन मिनिटांवर आणावी. घरच्या इन्व्हर्टरवर डेस्कटॉप चालवायचा असेल तर त्याच्या मागचे बटण यूपीएस मोडवर असावे. साध्या मोडवर लाइट बदलताना लागणारा वेळ पंख्याला जाणवत नाही, संगणक मात्र रीस्टार्ट होतो.

मे महिन्यात अकोला, वर्धा, चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो. अशा वेळी प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि दोष ऑपरेटिंग सिस्टीमवर येतो. कापूस घरात भरलेला असेल तर त्याचे तंतू पंख्यात आणि हीटसिंकवर बसतात. हंगामानंतर कॅबिनेट उघडून ब्रश आणि ब्लोअरने साफ करावे.

जुन्या संगणकात चालू करताच तारीख काही वर्षे मागे दिसत असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असते. तारीख चुकली की कोणत्याही प्रणालीवरचा ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाही, सातबाऱ्याचे पानही अडते. नाण्याएवढी ती बॅटरी बदलून तारीख एकदा बरोबर केली की विंडोज किंवा लिनक्स पुन्हा टाकण्याची गरज उरत नाही.