पाईपमध्ये पाणी शिरलं की दव धरलं?

गेटजवळचा लोखंडी पॅनेल बॉक्स, त्यात जमिनीखालून आलेला केबलचा पाईप. पावसाळाभर टर्मिनल (वायरी जोडायच्या जागा) ठणठणीत आणि जानेवारीत त्यांवर हिरवा थर! मग कुणीतरी झाकणाचं रबर बदलतं, वरून सिलिकॉन थापतं. पुढच्या थंडीत पुन्हा तेच.

शिरणारं पाणी सगळ्यांना ठाऊक आहे. दोन पाईप जोडणाऱ्या कपलरला सॉल्व्हंट (चिकटवायचा द्रव) नीट लावलं नाही किंवा पाईपचं तोंड जमिनीलगत राहिलं, की पाऊस आत येणारच. हे पाणी गढूळ असतं, खाली साचतं. शंभरास एक उतार द्या, सखल जागी पाणी मुरायला खडीचा चेंबर करा, झालं.

दवाचं गणित वेगळं, आणि घोळ इथेच होतो. नाशिककडे थंडीत पहाटे हवा १० अंशांपर्यंत उतरते, पण मीटरभर खोल माती विशीच्या वरच असते. पाईपमधली हवा मातीइतकी उबदार आणि ओलीगच्च. ती हलकी, म्हणून चिमणीतल्या धुरासारखी वर चढते आणि गार पत्र्याला लागते. २२ अंशांच्या संपृक्त हवेत घनमीटरला साधारण १९ ग्रॅम बाष्प मावतं, १० अंशांना जेमतेम साडेनऊ. उरलेलं बॉक्सच्या छताला आतून थेंब होऊन धरतं आणि नेमकं टर्मिनलवर टपकतं. आभाळ कोरडं, थेंब स्वच्छ आणि ओल छताच्या आतल्या बाजूला, म्हणजे हे दवच. ते खालून येतं, तिथे झाकणाचं रबर काय करणार? उलट ओल आत कोंडते.

म्हणून हवा अडवायची, तीही बॉक्सच्या तोंडाशी: केबलभोवती डक्ट सील पुट्टी (कणकेसारखी मऊच राहणारी) नीट दाबून भरायची. सखल जागची पाण्याची वाट मात्र मोकळीच ठेवायची. ‘एअरटाईट करून टाकू’ म्हणत पाईप सगळीकडून बुजवणाऱ्यांचा मला राग येतो, आत राहिलेलं पाणी मग जाणार कुठे? एम-सीलही नको, उद्या केबल बदलायची तर छिन्नी घेऊन बसावं लागतं, पुट्टी बोटांनी निघते. व्हिनेगरचा वास मारणारं सिलिकॉन तर तांब्याजवळ नकोच, त्यातलं आम्ल तांबं खातं. सिलिका जेलची पुडी? खालून ओली हवा येत असेल तर ती लवकरच भरते आणि नुसती पडून राहते.

एवढं करूनही जमिनीखालचा पाईप आतून ओला असणार असंच धरून चाला. घरातली साधी वायर त्यात ओढू नका. आयएस ७०९८ या भारतीय मानकाची आर्मर्ड (धातूच्या कवचाची) केबल घ्या.