‘आपल्याकडं भूकंप होत नाही’ आणि जाड भिंतींचा भरवसा

‘मराठवाडा काळ्या कातळावर बसलाय, इथं भूकंप होत नाही’ हे वाक्य पारावर अजून ऐकू येतं. लातूर जिल्ह्यातला किल्लारीचा भूकंप एकदाच झाला, आता काय, असंही लोक म्हणतात. तो झाला त्या 30 सप्टेंबर 1993च्या पहाटेपर्यंत भूकंपाच्या धोक्याचा सरकारी नकाशाही तेच सांगत होता: लातूर तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या झोन 1मध्ये होतं. 2002मध्ये तो झोनच रद्द झाला, लातूर मध्यम धोक्याच्या झोन 3मध्ये गेलं. 2024मध्ये हिंगोलीकडं 4.5 तीव्रतेचे धक्के बसलेच की.

दुसरा गैरसमज जास्त घातक: जाड भिंतीचं घर पक्कं. किल्लारीत माणसं मारली ती मुख्यतः याच भिंतींनी. दोन-अडीच फूट जाडीत बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये चुरा आणि माती. दोन्ही तोंडांना बांधणारा आडवा लांब दगड बहुधा नसायचाच. हादऱ्यात भिंत मधून फुटली आणि वरचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, खाली आलं. गळती थांबावी म्हणून त्यावर दरवर्षी माती चढवायची आपली सवय. ओझं वाढतच जातं.

जुनं घर असेल तर आधी ते ओझं उतरवा. दारं-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा नवीन बांधकामात घ्याच. गवंडी ‘कशाला खर्च’ म्हणेल, ऐकू नका. आणि खाटेच्या उशाशी वरच्या फळीवर धान्याचे डबे, पितळी हंडे रचलेत, ते आजच खाली घ्या.